काचेची पट्टी

उद्या शेवटची पाहणी झाली, की पुलाची हमी संपणार होती. तोवर पूल खचला तर भुर्दंड कंत्राटदाराच्या माथी, आणि त्या हमीपोटी राहतं घर बँकेकडे तारण. खांबाच्या भेगेवर सरकारी इंजिनियरने काचेची पट्टी चिकटवली होती. भेग हलली, की काच फुटणार. फुटलेली पट्टी कंत्राटदाराने याआधीही गुपचूप बदलली होती. आज तो नवी पट्टी खिशात घालूनच पुलाखाली उतरला. पण काच शाबूत! त्याचा जीव भांड्यात पडला. "भेग थांबली रे," तो देखरेखीवरच्या मेहुण्याला म्हणाला. "थांबतेय कसली, दाजी! आताशा रोज फुटते. ताईचं घर जायला नको, म्हणून मीच बदलतो. ही सकाळीच लावली." डोक्यावरून भरलेली बस गडगडत गेली. काच तडकन फुटली. मागून दुसरी बस येत होती. दोघांचेही हात मात्र सवयीने खिशात गेले.