विरामाचा आलेख

सहीची जागा दाखवून झाली, पेन हातात देऊन झालं, तरी काकू एकशे बाराव्या पानावरून पुढे सरकेनात. समोर बसलेली ती सारखी घड्याळाकडे बघत होती. उद्या प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस. तिच्या गाण्याच्या सरांची ध्वनिमुद्रणं वापरायला त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, लेखी परवानगी हवी होती, आणि काकू त्या पानावरच्या आलेखाकडे टक लावून बसल्या होत्या.

नऊ वर्षं ती संगीत विभागात हंगामी शिकवत होती. गाता येणं ही तिथे कायम नोकरीची पात्रता नव्हती. गाण्याविषयी लिहिता येणं, ही होती. सर जन्मभर गायले, त्यांनी दोन पिढ्या घडवल्या, पण नावावर संशोधन नाही म्हणून शेवटपर्यंत हंगामीच राहिले. आपलं असं व्हायला नको, हे तिने मनाशी पक्कं केलं आणि सरांच्याच गाण्यावर प्रबंध घेतला.

विषयही झकास सापडला. लांब ओळ उचलण्याआधी सर थांबायचे, आणि तो थांबा वाढत चालला होता. सात वर्षं दर महिन्याला ती त्यांच्या शिकवणीचं ध्वनिमुद्रण करायची आणि घरी जाऊन थांबा मोजायची. "मी गातोय की तुझं घड्याळ?" सर चिडवायचे. एकदा तिने सरळच विचारलं, का थांबता? सरांनी आधी पाण्याचा घोट घेतला. मग हसले. "लिही, म्हातारा आता विचार करून गातो."

तिने ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं. त्यावर अख्खं प्रकरण उभं राहिलं, 'विचाराचा विराम'. मार्गदर्शक बेहद्द खूश झाले. विभागातली पोरं मुद्दाम तशी थांबून गाऊ लागली. सर मात्र गेल्या वर्षी एका सकाळी अचानक गेले.

"हे उभं काय मोजलंय?" काकूंनी विचारलं.

"सेकंद. सरांचा थांबा. आणि आडवे महिने." ती उत्साहाने पुढे वाकली. "सुरुवातीला जेमतेम एक सेकंद होता. आणि हे बघा ना काकू, शेवटच्या सहा महिन्यांत तर सर चार-चार सेकंद मौन धरायचे. एवढं धाडस कुणी केलेलं नाही."

काकूंची तीस वर्षं इस्पितळात गेली होती, छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेले असले कागद त्यांनी हजारो पाहिले होते. त्यांचं बोट रेषेवरून सावकाश वर गेलं आणि ती जिथून सरळ चढू लागली होती, तिथे थांबलं.

"इथे, या महिन्यात आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"ह्यांना. इस्पितळात."

 सरांचा तो थांबा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. उघडं तोंड, टेबलाची कड घट्ट धरलेला हात, कानांपर्यंत उचललेले खांदे. खांद्यांची नोंद तिने कुठेच केली नव्हती.

काकूंनी सही केली. खाली तारीखही घातली. मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "घोरतो म्हणून पलीकडच्या खोलीत झोपायचे. चप्पल चावते म्हणून चालताना मागे राहायचे. मी नर्स असून त्यांना दम लागतो ते मला कळलं नाही गं, वर्षभर स्वतःला शिव्या घालतेय."

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"आणि तू पोरी, दर महिन्याला मोजत होतीस."