बाळाच्या वाटणीचं ऊन

गच्चीवर सगळं शांत असताना मीटर टिकटिकलं आणि बाळाला तेल लावत बसलेल्या वृषालीचा हात थांबला. तिची सावली सौर पॅनलवर पडली होती.

"तिसरी ताकीद गं," जिन्यातून सासूबाई म्हणाल्या. "आणखी एक आली की घरातली वीज बंद. ऊठ बघू."

"पायांत जोर नाही त्याच्या. डॉक्टरांनीच कोवळं ऊन द्यायला सांगितलंय ना?"

"पंचवीस वर्षांचं ऊन कंपनीला विकलंय आपण. अख्ख्या गावानं विकलं, अंगणंसुद्धा पॅनलांनी झाकली. माझ्या कुरडया पंख्याखाली वाळतात."

वृषालीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. पाच वर्षांची इरा पॅनलकडे बघत होती.

"आई, ऊन विकलं तेव्हा बाळ नव्हतंच. मग त्याच्या वाटणीचं कुणी विकलं?"