चुकेल त्याचा केक
कोपनहेगनच्या त्या प्रयोगशाळेत रिवाजच होता: चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी केक आणायचा. मारेनने बनवलेला इवलासा मायक्रोफोन आधी तिच्या गुरूच्या, तोर्किलच्या कानात गेला. निरोगी कानात आवाज सोडला की कान आतून बारीकसा प्रतिसाद देतो. तो टिपायलाच मायक्रोफोनला ही केसाएवढी नळी. पण पडद्यावरची रेघ ढिम्म हलेना. "ठार बहिरा निघाला की गं तुझा मायक्रोफोन!" तोर्किल हसला. "उद्या केक!" मारेनने त्याच्या कानाकडे पाहिलं. सकाळीच मायक्रोफोन तिने गुपचूप स्वतःच्या कानात घालून पाहिला होता. रेघ उसळली होती. "आणते," ती पटकन म्हणाली. तोर्किलचं हसू विरलं. "तू? आणि न भांडता कबूल?" त्याने नळी काढून तिच्यापुढे धरली. "घाल." तिने घातली. रेघ उसळली. तोर्किलने स्वतःच्या कानाला हात लावला. "मायक्रोफोन ठणठणीत आहे. केक मी आणतो."