शून्य अपघातांचा महिना

"रेघ बघा," रस्ते खात्याचे साहेब म्हणाले आणि त्यांनी आलेख दाखवणारा कॉम्प्युटर समोरच्या दोघांकडे वळवला. "जानेवारीत सहा अपघात, फेब्रुवारीत आठ, मार्चमध्ये अकरा. इथवर तुमचं म्हणणं बरोबर. पण एप्रिलमध्ये तीन, मेमध्ये एक, जून शून्य, जुलै शून्य. मग गतिरोधक कशासाठी?"

हौशीरामतात्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. तालुक्याला यायचं म्हणून धुतलेला सदरा घातला होता.

"साहेब, ती रेघ खाली आली ती माझ्यामुळं," ते म्हणाले. "एप्रिलपासनं मी उभा ऱ्हातोय तिथं."

खोटं काहीच नव्हतं. मार्च महिन्यात निंबाच्या फाट्यावर तात्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा शेजारी भिका ट्रकखाली गेला होता. दुधाची किटली घेऊन नुसता रस्ता ओलांडत होता. भिकाचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तात्या लाल फडकं नि शिट्टी घेऊन फाट्यावर उभे राहिले. सकाळी सात ते अकरा, दुपारी चार ते सात. टोमॅटोच्या पिकअपवाले आधी हसले, मग शिव्या देऊ लागले, मग मुकाट्यानं गाडी हळू करू लागले.

"तुमचं काम मोठं आहे, आजोबा," साहेब म्हणाले. "पण कागदावर माणूस धरता येत नाही. रस्ता धरता येतो. फाइल परत न्या. आकडा वाढला की पुन्हा पाठवा."

"वाढला म्हणजे किती?" साधनानं विचारलं. ती गावची सरपंच. ही तिसरी फाइल परत येत होती.

"तीन-चार तरी हवेत." साहेबांनी चहा सांगावा तसं सांगितलं.

परतीच्या एसटीत साधना खिडकीला टेकून बसली होती. निम्मा रस्ता सरला. मग एकदम म्हणाली, "तात्या, एक महिना घरी बसा."

"म्हंजी?"

"म्हंजी फाट्यावर जाऊ नका. आकडा वाढू दे."

तात्यांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "आकडा म्हंजी कोन?" त्यांनी विचारलं.

"मला नाय माहीत." ती बाहेरच बघत होती. "तुमी अजून किती वर्षं उभं ऱ्हानार? तुमच्या मागं काय? एक महिना वाईट जाईल, पुढं कायमचं बरं व्हईल."

"माझ्या तोंडावर बोलतीस हे?"

"दुसरं कुनाला सांगू?"

तात्या उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. पण रात्रभर त्यांनाही दुसरा मार्ग सापडला नाही. गेल्या आठवड्यात उन्हानं त्यांना भोवळ आली होती, ते त्यांनी घरात सांगितलंही नव्हतं. सकाळी ते मळ्यातच थांबले.

ऑगस्ट महिना काढणं अवघड गेलं. मळा फाट्यापासून मैलभर आत. तरी वारा तिकडून आला की गाड्यांचा आवाज यायचा. ब्रेक करकचला की तात्यांच्या हातातलं खुरपं थांबायचं. शाळेच्या वेळेला तर ते गोठ्यात जाऊन बसायचे. गावात जाणं त्यांनी सोडलंच. कुणाच्या दारात माणसं जमलेली दिसली तर काय करायचं?

बायको कुशाबाई रोज फाट्याजवळच्या डेअरीवर दूध घालायला जायची. ती आली की तात्या विचारायचे, "फाट्यावर काय?"

"काय न्हाई."

"कुनाला लागलं-बिगलं?"

"न्हाई म्हनलं ना. भाकरी खावा."

पहिला आठवडा असाच गेला. दुसराही. तात्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की चीड यायची. चार महिने आपण उन्हात उभे राहिलो ते उगाच होतं का? आपल्यावाचूनही गाड्या हळू जातात, तर साहेबाचं काय चुकलं? आणि तसं नसेल तर आज ना उद्या कुणीतरी जाणार, आणि आपण इथं कांद्याची रोपं निवडत बसलोय. दोन्ही विचार एकमेकांवर आदळायचे. जेवण जाईना. कुशाबाईवर ते विनाकारण खेकसायचे. ती गप्प बसायची. एरवी ती गप्प बसणारी बाई नव्हती.

एकतीस तारखेला संध्याकाळी त्यांनी साधनाला फोन लावला.

"किती झाला आकडा?"

"शून्य," ती म्हणाली. आवाज पार बसला होता.

"एक बी न्हाई?"

"एक बी नाय."

"घसा का बसलाय?"

"सर्दी झाली."

तात्यांचा तोल गेला. "सर्दी झाली, पन साहेबाला हवी तेवढी तीन मान्सं काय मेली न्हाईत. आता अजून एक महिना बसवतीस का मला? मान्सं मरायची वाट बघायला तुला सरपंच केलं व्हय?"

ती एवढंच म्हणाली, "तुमी आराम करा, तात्या." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तात्या सहाला उठले. कुशाबाई दाराशी आडवी आली. "ऊन लई हाये. नका जाऊ."

"सकाळी सहाला कुठलं ऊन?" ते म्हणाले आणि तिला बाजूला सारून निघाले. आकडा, फाइल, साहेब, सरपंच, सगळ्यांना त्यांनी मनातल्या मनात जे सुनवायचं ते सुनावलं. मैलभर चालायला त्यांना आता पाऊण तास लागायचा. वाटेत दोनदा बसावं लागलं.

ते निंबाच्या फाट्याजवळ पोचले तेव्हा शाळेची पोरं रस्त्याकडेला जमली होती. बोरी गावाकडून टोमॅटोचे क्रेट लादलेली पिकअप सुसाट येत होती. तात्या धावले, पण पाय साथ देईनात. पिकअपचा ब्रेक करकचला आणि ती जागच्या जागी थांबली. पोरं रांगेनं रस्ता ओलांडू लागली. पिकअपच्या पुढ्यात, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात आडवे पसरून, उन्हानं रापलेली साधना बसक्या आवाजात ड्रायव्हरवर ओरडत उभी होती.