वेडाचा दाखला

भागोजी वेडा नव्हता, हे मनोविकारतज्ज्ञ मार्तंडरावांना तुरुंगातल्या दहा दिवसांच्या तपासणीत पुरते उमगले होते. बांधाच्या भांडणात त्याने सख्ख्या भावावर कोयता चालवला, तो शुद्धीत राहूनच. पण तुरुंगाच्या दाराशी दिवसदिवस बसून राहणारी त्याची लेक जनी पाहून त्यांचे मन द्रवले, आणि कोर्टासाठीच्या दाखल्यात त्यांनी लिहिले : 'आरोपीस वेड लागले आहे.' भागोजीची फाशी टळली. त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडले. आयुष्यात एकदाच लिहिलेले ते खोटे मार्तंडरावांनी पुण्यासारखे जपले.

तीन वर्षांनी मुरुडच्या एस.टी. थांब्यावर त्यांना जनी भेटली.

"ओळखलंस का गं?"

"न वळखून कसं चालंल? बाचा जीव तुमीच राखलात."

ते सुखावले. "सासर कुठलं तुझं?"

"सासर न्हाय. जमल्यालं मोडलं."

"खून म्हटला की लोक बिचकणारच," ते हळुवारपणे म्हणाले.

जनीने नकारार्थी मान हलवली.

"खुन्याची लेक म्हनून पत्करली व्हती त्यांनी, डाक्तर. तुमचा दाखला आला, तवा म्हनाले, वेड्याची नको."