झाकणाखालचा जोड

चाक झाकणावर चढलं तेव्हा जोडाऱ्याच्या डोक्यावर मूठभर माती पडली आणि उजेड गेला.

रस्त्याखालचं ते चेंबर एका माणसापुरतं. उलट्या क्रेटवर गुडघे छातीशी घेऊन तो बसला होता. मांडीवर जोडणीचं मशीन, कपाळावर बॅटरी, समोर तुटलेल्या फायबर केबलची दोन टोकं. जोडाच्या तोंडाशी धूळ म्हणजे विष, म्हणून त्यानेच मेहुण्याला झाकण ओढून घ्यायला सांगितलं होतं, वीतभर फट ठेवून. मग त्याला केबलच्या टॉवरकडच्या टोकाला तपासणीसाठी पिटाळलं होतं. वर लाल शंकू उभा केलेला होता. मघाशी काहीतरी कडकडलं, तो शंकूच असणार. वीतभर फटीची आता बोटभर चीर उरली होती.

"ओ! खाली माणूस आहे!"

त्याने पान्याने झाकण बडवलं. वर ट्रकचं इंजिन धडधडत होतं, नगाऱ्यापुढे टिमकी. खांदा लावून पाहिला, झाकण ढिम्म हललं नाही. मोबाइल काढला. रेंज नाही. असणार कुठून? या भागाचा टॉवर याच केबलवर चालत होता.

चिरेतून डिझेलचा धूर आत उतरायला लागला.

वर कुणीतरी धप्पकन उडी मारली. ड्रायव्हर असावा. समोरचा दुकानदार इंजिनच्या वरताण ओरडला, "गाडी बंद तरी करा की, दादा!"

"बंद केली तर परत चालू होत नाही. धक्का मारायला तुम्ही येताय का? मोबाइलवरचा नकाशा गेलाय. रेंज आल्याशिवाय जाऊ कुठं?"

"केबल तुटलीय म्हणतात."

"मग जोडत का नाहीत?"

"केबलवाले? पडले असतील कुठंतरी सावलीत."

इतक्या गडद सावलीत जोडारी आयुष्यात कधी बसला नव्हता. तो पुन्हा जीव खाऊन ओरडला. वर दोघं हसले आणि त्यांचे आवाज दुकानाकडे गेले.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. केबलमधल्या बारा तारांपैकी टॉवरच्या दोन, निळी आणि नारिंगी. त्या जोडल्या की रेंज, रेंज आली की नकाशा, नकाशा आला की ट्रक हलणार. मेहुणा लगेच येणार नव्हता. त्याचाही फोन मुकाच होता.

त्याने निळी घेतली. भराभर सोलली, पुसल्यासारखी केली, कापली, मशीनमध्ये ठेवली. ठिणगी पडली. जोडात किती उजेड गळतो त्याचा आकडा पडद्यावर आला. वाईट. केसाएवढ्या काचेत बुडबुडा राहिला होता.

चालेल? कदाचित चालेलही. आणि नाही चाललं तर? कुठे बिघडलं ते न कळता धुरात वाट बघत बसायचं.

त्याने तो जोड स्वतःच्या हाताने तोडला.

पाण्याने भिजवलेला रुमाल नाकावर बांधला. घामेजलेली बोटं बनियनला आतून पुसली. आता तार बेताने सोलली. स्पिरिटने पुसली, पुन्हा पुसली. टोक सरळ कापलं. सुईत दोरा ओवताना बायको श्वास धरते तसा त्यानेही धरला; तसं पाहिलं तर धरण्याजोगा श्वास फारसा उरलाही नव्हता. ठिणगी. आकडा चांगला. जोड जपणारी नळी त्यावर सरकवून तापायला ठेवली. ती आकसेपर्यंत थांबावं लागतं. तो थांबला.

नारिंगीच्या वेळी डोकं जड झालं होतं. तारा दोन दिसत होत्या. खरी कुठली ते ठरवायला त्याने एक डोळा मिटला.

दुसरा जोडही झाला. आणि काहीच झालं नाही. इंजिन धडधडतच राहिलं. टॉवर जागा व्हायला वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या चिरेला नाक लावून बसणं वेगळं. पोरीला उचलून घेतल्यावर तिच्या केसांना येतो तो वास आठवायचा त्याने प्रयत्न केला. डिझेलपुढे तो आठवेना.

"आली! आली की रेंज!" वर ड्रायव्हर ओरडला. दार आपटलं. झाकण कुरकुरलं, आणि चाक उतरलं.

जोडाऱ्याने होतं नव्हतं ते बळ लावून झाकण सरकवलं आणि अर्धा बाहेर येऊन, पिळलेल्या धुण्यासारखा, रस्त्यावर पडून खोकत राहिला. ट्रक कोपऱ्यावर वळत होता. दुकानदार पाण्याची बाटली घेऊन आला.

इतक्यात मेहुणा धावत आला.

"भाऊजी, टॉवर लागला! ऑफिसचा फोन होता, खूश आहेत. म्हणाले, उरलेल्या दहाही लगेच उरका." मग त्याचं लक्ष जोडाऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय झालं हो?"

जोडारी चेंबरच्या काठावर पाय सोडून बसला. त्याने उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. डावा केला, तोही. खाली एकदाही थरथरले नव्हते. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"काही नाही रे. हे दोन्ही हात अजून खालीच आहेत. वर आले की उतरतो."