पाटीवरचे दोनशे चौदा

पेनल्टी एमरिस प्रिचर्डनेच मारायची, हे सांगायची कुणाला गरजच पडली नाही. सामना संपायला दोन मिनिटं होती आणि त्याची कारकीर्द संपायलाही तेवढीच. दोनशे तेरा गोल झाले होते. हा गेला तर क्लबच्या जुन्या विक्रमाशी निदान बरोबरी होणार होती. एमरिस चार पावलं धावला. शेवटच्या पावलाला उजव्या गुडघ्याने दगा दिला, आणि चेंडू आडव्या खांबावरून उडून मागच्या कुरणात मेंढ्यांमध्ये जाऊन पडला. एका मेंढीने मान वर केली आणि पुन्हा चरायला लागली.

आत येऊन त्याने बूट कचऱ्याच्या पिंपात फेकले.

"सोड रे, होतं असं," प्रशिक्षक हाउवेल म्हणाला.

"गुडघा तुझा आहे का?" एमरिस म्हणाला.

त्या गुडघ्याची कथा सगळ्या खोऱ्याला पाठ होती. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, खेळणं थांबव, नाहीतर शिडी चढणं विसर. एमरिसचा धंदा छपरांवर कौलांऐवजी पाटीच्या दगडाच्या चपट्या लाद्या बसवण्याचा. शिडी चढता आली नाही तर त्याने करायचं काय? बायको नेरिस हातापाया पडली, मग भांडली, मग तिने विषयच सोडून दिला. हा मात्र इंजेक्शनं टोचून घेत खेळत राहिला. आता दोन वर्षं तो खालीच उभा राहून दुसऱ्यांच्या हातात दगड देत होता. हे सगळं कशासाठी? तर क्लबच्या बारमध्ये भिंतीवर लावलेल्या एका पाटीसाठी. 'सर्वाधिक गोल : डी. एव्हन्स, २१४.'

आणि त्या पाटीखालीच तो थेरडा बसायचा. पाववाला डाय, म्हणजे डाय एव्हन्स. दर शनिवारी तीच खुर्ची, तेच मटणाचं पॅटिस, आणि येणारा-जाणारा पाठ थोपटून त्याला बिअर पाजणार. एमरिस समुद्रकाठचा, एकोणिसाव्या वर्षी कामासाठी या गावात आला, तेव्हापासून हे बघत होता. बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अठरा वर्षांत त्याने त्या टेबलाशी एकदाही खुर्ची ओढली नव्हती. मागे एकदा म्हाताऱ्याने त्याच्यासाठी बिअरचा ग्लास पाठवला होता. टोमणा मारतोय, असं समजून एमरिसने तो सगळ्यांदेखत मोरीत ओतला होता.

आज तो लंगडत थेट त्याच टेबलाशी गेला.

"घ्या," तो म्हणाला. "तुमचा विक्रम तुम्हालाच लखलाभ. मेलात तरी पुसायचा नाही तो आता. दोनशे चौदा गोलांवर आयुष्यभर फुकटची बिअर प्यायलात, अजून प्या. माझा पाय गेला तुमच्यापायी."

म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला. "माझे कुठले रे दोनशे चौदा? माझे एकशे सत्तावीस."

"थट्टा करू नका."

"थट्टा कसली? उरलेले सत्त्याऐंशी कोळशेवाल्या डायचे. तो डावीकडून खेळायचा, मी उजवीकडून. दोघंही डाय एव्हन्स. या गावात एव्हन्स पायलीचे पन्नास, म्हणून तर आम्ही पाववाला नि कोळशेवाला. पण वर्तमानपत्रात कोण लिहितंय पाववाला? तिथे दोघंही डी. एव्हन्स. पाटी रंगवणाऱ्याने सगळ्यांची बेरीज केली नि मोकळा झाला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"पाटी लागली त्याच वर्षी कोळशेवाला खाणीतल्या अपघातात गेला. त्याची बायको दर रविवारी चर्चहून येताना इथे थांबायची, पाटीकडे बघायची नि जायची. विक्रम एकट्या माझ्या नावावर लिहिला असता, तर तिला बघायला काय उरलं असतं? राहू दे म्हटलं, दोघांची मिळून आहे. अरे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

एमरिसने मागे वळून पाहिलं. हाउवेल, गोलरक्षक, बारमागची बाई, सगळे आपापल्या ग्लासांकडे बघत होते. त्याला एकेकाची गचांडी धरावीशी वाटली. अठरा वर्षं याच लोकांच्यात तो उठला-बसला होता.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगायचं काय त्यात? एकशे अठ्ठाविसावा मारलास, माझ्या पुढे गेलास, त्या दिवशी मी तुला बिअर पाठवली होती. तू ती मोरीत ओतलीस." म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तरी तू खेळतच राहिलास, पाय फरफटत, सुया टोचून घेत. आम्ही म्हटलं, पठ्ठ्याला एक डाय पुरे नाही, दोघांना एकदम गाठायचंय."

एमरिस त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसला. गुडघा वाकेना, म्हणून पाय टेबलाखाली सरळ ताणून ठेवावा लागला. एकशे अठ्ठाविसावा गोल त्याला नीट आठवत होता. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर दगडांची चळत घेऊन, एक-एक पायरी गाळत शिडी चढला होता.